७४ रेफरन्स, नऊ दिवस आणि मधेच घुसलेला एक परिच्छेद

निवटी_भांडुपची

नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतेय, काम ठाणे खाडीतल्या चिंबोऱ्या (खेकडे) आणि निवट्यांवर (चिखलात राहणारे मासे). चिखलाची सवय आहे, पण सध्या रुतलेय ती रेफरन्समध्ये.

पहिल्या जर्नलने पेपर नाकारला. तिथे लेखक-वर्ष पद्धत होती, कंसात आडनाव आणि साल. आता ज्या जर्नलला पाठवतेय त्यांना व्हँकुव्हर हवं, म्हणजे मजकुरात ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने आकडे. दोन रात्री जागून ७१ रेफरन्सना हाताने आकडे घातले. मग सरांनी प्रस्तावनेत एक परिच्छेद वाढवला, त्यात तीन नवे रेफरन्स. नऊपासून पुढचं सगळं तीनने सरकलं. रात्री साडेअकराला मी ‘रिप्लेस ऑल’ करून ९ च्या जागी १२ टाकले. १९ चे ११२ झाले, २९ चे २१२, आणि यादीतलं १९७९ साल ११२७१२ झालं. हे सगळं सेव्ह करून मी झोपले.

नऊ दिवस आहेत. आता झोटेरो (रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) शिकत बसू का हातानेच करू? बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जर्नलमधले जुने लेख आहेत, त्यांना डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) नाही, त्यांचं काय? कोळीवाड्यातल्या काकांनी निवट्यांच्या हंगामाबद्दल बरंच सांगितलं, ते कुठे लिहू? आणि सरांचंच नाव तीन पेपरांत तीन तऱ्हेने छापलंय.

पवईकर_लॅटेक

वर्ड सोड, लॅटेकमध्ये ये, तेही लेख लिहायचंच सॉफ्टवेअर. त्याचं रेफरन्सचं साधन बिबटेक १९८५ पासून हेच काम करतंय, आकडे आपोआप सरकतात. फक्त शीर्षकातल्या डीएनएसारख्या शब्दांना महिरपी कंस घाल, नाहीतर बऱ्याच स्टाइली त्यांची अक्षरं लहान करून टाकतात.

निवटी_भांडुपची

दादा, सर वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून लाल करून पाठवतात. त्यांना लॅटेकची फाइल पाठवली तर माझं सातवं वर्षही इथेच जाईल.

अंधेरीची_लाल_पेन्सिल

पंधरा वर्षं जर्नलांचं कॉपी-एडिटिंग करतेय, म्हणून जरा लांबण लावते.

आधी ती फाइल बाजूला ठेव. जुनी, लेखक-वर्षवाली प्रत आहे ना? तीच घे. आकडे घातलेल्या प्रतीतून मागे येणं म्हणजे भेळेतून कुरमुरे वेचणं.

झोटेरो शिकायला एक दुपार पुरते. फुकट आहे. जादूच्या कांडीचं चिन्ह असतं, त्यात १० ने सुरू होणारा डीओआय चिकटवला की नोंद तयार. गुगल स्कॉलरवरून आयती नोंद शक्यतो घेऊ नकोस, पानं नाहीतर लेखक गळलेले सापडतात. प्रकाशकाच्या पानावरून घे. मग वर्डमध्ये प्रत्येक कंस काढून त्या जागी झोटेरोतून सायटेशन घाल. हे कंटाळवाणं आहे, एक-दोन दिवस जातील. पण नंतर सरांनी दहा परिच्छेद घुसवले तरी आकडे आपले आपण सरकतील, आणि उद्या हाही पेपर नाकारला गेला (तोंड गोड असू दे माझं) तर पद्धत बदलणं एका क्लिकचं काम. सबमिट करण्याआधी ‘अनलिंक’ (म्हणजे आकड्यांचा झोटेरोशी संबंध तोडणं) करायचं ते प्रतीवर, मूळ फाइलवर नाही. हे विसरून रडलेली माणसं मी पाहिली आहेत.

सॉफ्टवेअर स्वल्पविराम सांभाळतं, नोंद चुकीची असली तर चूकही इमानाने छापतं. शीर्षकं वाक्यासारखी ठेव, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं नको. प्राण्याची नावं तिरपी यायला हवीत तर शीर्षकात त्यांच्या दोन्ही बाजूंना आय अक्षराचा टॅग घालावा लागतो, नाहीतर तुझ्या सगळ्या चिंबोऱ्या सरळ उभ्या राहतील. जर्नलचं नाव एकाच शब्दाचं असेल तर ते संक्षेपासाठी तोडायचं नसतं, ‘नेचर’ ते ‘नेचर’च. आणि तक्त्यात पहिल्यांदा येणाऱ्या रेफरन्सला आकडा मिळतो तो मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे येतो त्या जागेनुसार. इथे निम्मे लोक चुकतात.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या विषयात हमखास होणारी गोष्ट. ‘सिला सेराटा (फोर्सकाल, १७७५)’ यातला कंस म्हणजे सायटेशन नव्हे. तो प्राण्याच्या नावाचाच भाग आहे, नाव देणारा माणूस आणि साल. फोर्सकालने ती चिंबोरी ‘कॅन्सर’ या प्रजातीत (जीनस) घातली होती, पुढे प्रजाती बदलली म्हणून कंस आला. तुझ्या निवटीचं बघ, ‘बोलिओफ्थॅल्मस डुसुमिएरी वॅलेन्सिएन्स, १८३७’, तिथे कंस नाही, कारण प्रजाती तीच राहिली. आकडे घालताना हे उडवू नकोस. (गंमत म्हणजे फोर्सकाल १७६३ मध्येच येमेनमध्ये वारला. त्याचं काम १७७५ मध्ये छापून आणलं सहप्रवासी नीबूरने, आणि तो नीबूर त्या प्रवासातून मुंबईला येऊन राहिला होता, घारापुरीची लेणी मोजत.)

बीएनएचएसचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयावर आहेत. डीओआय नसला तर नसला, खंड, अंक आणि पानं नीट दे. त्यांचा एकेक खंड अनेकदा दोन वर्षांवर पसरायचा, तेव्हा साल अंकावरून घे, दुसऱ्याच्या यादीवरून नको.

काकांची माहिती यादीत जात नाही. मजकुरातच कंसात त्यांचं नाव, ‘वैयक्तिक संवाद’ आणि तारीख. त्यांची लेखी परवानगी घे, बऱ्याच जर्नलांना ती लागते. सरांचं नाव प्रत्येक पेपरवर जसं छापलंय तसंच ठेव. मात्र पुढे कधी लेखक-वर्ष पद्धतीकडे परतलीस तर झोटेरो त्यांना तीन वेगळी माणसं समजेल आणि मधेच आद्याक्षरं चिकटवेल. ते बघून दचकू नकोस.

निवटी_भांडुपची

ताई, हात जोडते. फोर्सकालला मी खरोखरच १४ नंबर दिला होता.

सीएसएमटी_फास्ट

बीएनएचएसचं नाव लिहिताना बॉम्बेचं मुंबई करू नका, प्लीज. मी एकदा केलं होतं. जर्नलच्या नावात बॉम्बेच आहे, आणि जुन्या पुस्तकांच्या प्रकाशनस्थळीही छापलंय तेच ठेवायचं असतं.

निवटी_भांडुपची

सहा दिवसांनी सांगायला आलेय. मीही मुंबई केलं होतं, चार ठिकाणी. बदललं. झोटेरोत ७४ नोंदी गेल्या, आकडे आता सरळ आहेत. काकांनी कागदावर सही दिली, वर निवट्यांचं कालवण डब्यात.

ताईंनी सांगितलं म्हणून जुने लेख हेरिटेज लायब्ररीवर एकेक उघडून पाहिले. त्यातला एक कुणाच्या तरी थीसिसच्या यादीतून उचललेला. आमच्या वाक्यात तो चिंबोऱ्यांच्या विणीच्या हंगामासाठी दिलाय. चौदा पानं दोनदा वाचली, विणीबद्दल एक ओळ नाही. सगळा लेख शिंपल्यांवर आहे.

तो रेफरन्स त्या नव्या परिच्छेदातला आहे. सरांच्या. म्हणजे आता ७३. उद्या अकराला सरांची भेट आहे, कुणाकडे या विषयावर सल्ला असेल तर रात्रीच द्या.

अंधेरीची_लाल_पेन्सिल

अंकाची प्रिंट काढून ने. तोंडी बोलू नकोस, पान समोर ठेव आणि चहा यायची वाट बघ.