कीबोर्डवर −५० लावलं तरी बेसूर म्हणतात, मदत हवी आहे (अर्जंट)

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो कारण गुरुवारी कार्यक्रम आहे आणि हातात दोनच रिहर्सल. इथे शारजात एका अरबी ग्रुपचा कीबोर्डवाला ऐनवेळी गळाला म्हणून मला बसवलंय. लहानपणी सात-आठ वर्षं पेटी शिकलोय, नोटेशन वाचता येतं, म्हणून हो म्हणून बसलो. कीबोर्डला स्केल ट्यूनिंग (एकेक सूर वेगळा वरखाली करायची सोय) आहे, ई आणि बी (सी ला सा धरला तर ग आणि नी) दोन्ही −५० सेंट करून ठेवलेत (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट), म्हणजे बरोब्बर पाव सूर खाली. तरी औद (आखूड मानेचं अरबी तंतुवाद्य) वाजवणारे काका दर दोन मिनिटांनी थांबवतात. आधी "वाती, वाती", म्हणजे खाली आहे. मग थोड्या वेळाने "आली, आली". (पहिल्यांदा मी दाराकडे बघितलं, वाटलं गायिका आली. आली म्हणजे उंच.) अहो सेटिंग तेच, पट्टी तीच, बोट तेच, मग एकदा खाली आणि एकदा वर कसं काय? काकांचा कान गेलाय की कीबोर्ड? नक्की किती सेंट लावू तेवढा आकडा सांगा फक्त. थिअरी नको प्लीज.

कोमल_रिषभ
कुठला मकाम (त्यांचा राग म्हणा)? सा कुठे धरलाय? काका कुठले, इजिप्तचे, सीरियाचे, इराकचे? डॉक्टरला दुखतंय कुठे ते सांगायचं नाही आणि गोळीचं नाव मागायचं असं चाललंय तुमचं.

जुना_भाता
पेटीवाला दिसला की बरं वाटतं. पण धागाकर्ते, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच हाताळून झालाय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस क्लेमेंट्स साहेब यांनी बावीस श्रुतींचा (सप्तकातल्या बारीक सुरांचा) हिशोब मांडून श्रुती-पेटी करवून घेतली होती, १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती दाखवलीसुद्धा. तेव्हा बावीस श्रुतींचा तक्ता घ्या, सा पासून कोमल गंधार ३१६ सेंट, शुद्ध गंधार ३८६, यातला जो जमेल तो लावा. साधी गोष्ट आहे.

कोमल_रिषभ
भाताकाका, दोन्ही चुकेल. अरबांचा तो सूर बरोब्बर त्या दोघांच्या मधे बसतो, आपल्या कुठल्याच गंधाराजवळ नाही, आणि पेटी शिकलेल्या कानाची नेमकी तिथेच फसगत होते, कारण कान त्याला ओढून कुठल्या तरी एका गंधारावर नेऊन बसवायला बघतो. बडोद्यात त्या पेटीवरून वाद झाला होता तेही सांगा ना.

बोस्फोरसकर
चार वर्षं इस्तंबूलला होतो, तिथे ताम्बूर (लांब मानेचं तुर्की तंतुवाद्य) शिकायला जायचो (अर्धवट सोडलं, बायकोची बदली झाली). उत्तर सोपं आहे. तुर्की पद्धतीत सप्तकाचे ५३ कोमा, एक कोमा साधारण २२.६ सेंट, पूर्ण सूर ९ कोमांचा, आणि रास्त या मकामचा तिसरा सूर १७ कोमांवर. म्हणजे ३८५ सेंट, कीबोर्डचा ई मुळात ४०० वर. म्हणजे तुझ्या कीबोर्डवर −१५. लाव आणि झोप शांत.

मिडी_महाराज
स्केल ट्यूनिंगवर कशाला अवलंबून राहता? पिच बेंडने (वाजता सूर सरकवून) करा. बेंडची रेंज दोन सेमीटोन ठेवली तर मधल्या बिंदूपासून एका बाजूला ८१९२ पायऱ्या, म्हणजे २०० सेंट, म्हणजे ५० सेंटला २०४८ पायऱ्या. फक्त बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो म्हणून ई साठी वेगळा चॅनेल ठेवायचा, लॅपटॉपवर छोटी स्क्रिप्ट लिहिली की झालं. हवी असेल तर व्यनि करा.

खाडीपल्याड
लॅपटॉप नाहीये स्टेजवर. स्क्रिप्ट नकोय. पेटीचा इतिहासही नकोय. आज दुपारी −१५ लावून बघितलं, काकांनी औद खाली ठेवला आणि चहा प्यायला गेले. बोस्फोरसकर, धन्यवाद.

कोमल_रिषभ
हाहाहा. अरबी ग्रुपमध्ये −१५ म्हणजे जवळजवळ आपला शुद्ध गंधारच, त्यांच्या कानाला रास्त संपला तिथेच. आता तरी सांगा, काका कुठले आणि गाणं कशात आहे?

खाडीपल्याड
काका हलबचे, म्हणजे सीरियातलं अलेप्पो. व्हायोलिनवाला कैरोचा, तो काही बोलत नाही, त्याला −५० चालतंय. दरबुका (तालवाद्य) वाल्याचा संबंध नाही. गाणं सी वरून रास्त. मग मधे दुसरा भाग आहे तो डी वरून बयाती, हा दुसरा मकाम. पण सूर तर तेच आहेत ना दोन्हीकडे, ई आणि तोच अर्धा खाली, कागदावर खूण पण तीच, म्हणून ते लिहिलं नाही.

कोमल_रिषभ
अहो हेच तर पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! कागदावर खूण तीच, पण सूर तो नाही. रास्तमधला ई जरा वर असतो, बयातीत तोच ई खाली उतरतो. त्या सुराचं अरबी नाव दोन्हीकडे सीकाच. तुम्ही दोघांसाठी एकच −५० लावलंय, म्हणून रास्त चालू असताना काकांना तो खाली वाटतो आणि बयातीत शिरलात की वर. काकांचा कान शाबूत आहे. त्यात काका हलबचे, तिकडचा रास्तचा ई कैरोपेक्षा चढा, म्हणून व्हायोलिनवाला गप्प आणि काका वैतागलेले.

चोवीस सारखे पाव सूर ही लिहिण्याची सोय आहे हो. १९३२ साली कैरोत राजा फुआदच्या आश्रयाने मोठी परिषद भरली, बार्टोक, हिंडेमिथ हे युरोपचे संगीतकार, तुर्कस्तानातून संगीतशास्त्री रऊफ येक्ता अशी माणसं आली होती, तिथे या समान चोवीस भागांवरून जुंपली आणि शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पियानो अरबी वाद्यवृंदात घ्यावा का यावरही भांडण झालं. तुमचा कीबोर्ड त्याच भांडणाचा नातू.

बोस्फोरसकर
नातू आवडला. पण एक सांगतो, तुर्कस्तानातही तेच आहे. उश्शाक (तुमच्या बयातीसारखा तुर्की मकाम) मधला दुसरा सूर कागदावर एकच कोमा खाली, खूण रास्तचीच, प्रत्यक्षात वाजवणारे अजून दोन-एक कोमा खाली घेतात. आमचे शिक्षक म्हणायचे वर जाताना वेगळा, खाली येताना वेगळा, विचारू नकोस, वाजव. तेव्हा −१५ म्हणालो ते कागदावरचं होतं, माघार घेतो.

तारवाला
"पाव सूर" हा शब्दच आधी बंद करा. मी इराणी सेतार वाजवतो (आपली सतार नव्हे, लहान असते, चार तारांची). तिथे १९२० च्या दशकात संगीतकार अलीनकी वझीरींनी चोवीस पाव सुरांचं गणित आणलं, कोरोन (पाव सूर खाली) आणि सोरी (पाव सूर वर) या खुणाही त्यांच्याच. खुणा टिकल्या, गणित नाही टिकलं. पुढे संगीताचे अभ्यासक होर्मोझ फरहात यांनी लिहिलं की अर्ध्या आणि पूर्ण सुराच्या मधली अंतरं दोन जातीची, एक साधारण १३५ सेंटचं आणि एक साधारण १६० चं. १५० वर नेमकं कोणीच नाही! आमचे पडदे आतड्याच्या दोऱ्याचे, मानेभोवती गुंडाळून गाठ मारलेली असते. गुरुजी शूर (इराणी राग म्हणा) सुरू करायच्या आधी अंगठ्याच्या नखाने एक पडदा केसभर सरकवायचे, वाजवून बघायचे, पुन्हा अर्धा केस मागे. मग आम्हाला म्हणायचे, हा आजचा.

जुना_भाता
सतारीचे पडदेही सरकतातच की, धाग्यानेच बांधलेले असतात. पेटीचे सूर हलत नाहीत, म्हणून तर आकाशवाणीने १९४० ला पेटी बंद केली होती, ती १९७१ पर्यंत. पेटीवाल्यांवर अन्याय झाला तो वेगळा विषय.

तारवाला
भाताकाका, वेगळा विषय आहे तर वेगळा धागा काढा.

सहज_आले
मस्त चर्चा. एक विचारायचं होतं, पुण्यात चांगला औद कुठे मिळतो? बजेट पंधरा हजार.

खाडीपल्याड
मंडळी, परवा रिहर्सल आहे. मग किती लावू? रास्तला वर म्हणजे किती वर?

कोमल_रिषभ
इथून कोणी सांगू नये, मीसुद्धा. काकांना विनंती करा, औदवर ई चार-पाच सेकंद धरून वाजवा म्हणावं, पण सुटा नको, सुटा वाजवला की माणूस भलतंच वाजवतो. आधी रास्तचा तुकडा, सी डी ई वर थांबा. मग बयातीचा, डी ई एफ डी असं फिरून ई वर थांबा. फोनवर रेकॉर्ड करा, ट्यूनर ॲपवर आकडा बघा. दोन आकडे दोन मेमरीत सेव्ह करा आणि भाग बदलताना बदला.

आणि गायिका सी वरूनच गाते का? ती खाली उतरली आणि बी फ्लॅटवरून रास्त लागला तर उतरलेले सूर ई आणि बी राहणार नाहीत, डी आणि ए होतील. ट्रान्सपोज (पट्टी बदलायचं बटण) दाबल्यावर तुमचा कीबोर्ड ट्यूनिंग सोबत सरकवतो का ते एकदा तपासून घ्या, सगळे सारखं वागत नाहीत.

तारवाला
डाव्या हाताने काय वाजवता तेही सांगा. कॉर्ड?

खाडीपल्याड
हो, स्ट्रिंग्जचा पॅड. सी मेजर धरून ठेवतो, बाकी वेळ साथ.

तारवाला
😑

कोमल_रिषभ
सी-ई-जी धरून ठेवता? म्हणजे व्हायोलिन, औद आणि गायिका तिघं त्या ई भोवती आपापला जीव ओतत असतात आणि तुम्ही खालून एक ई खिळा ठोकल्यासारखा लावून ठेवलेला. ई काढा त्यातून. सी-जी धरा, तंबोरा समजा.

मिडी_महाराज
माझ्या स्क्रिप्टमध्ये कॉर्डमधला ई आपोआप गाळता येतो. विषय निघाला म्हणून सांगतो, लेबनॉनचे नसीम मालूफ यांनी ट्रम्पेटला चौथी कळ बसवून घेतली होती पाव सुरासाठी. म्हणजे वाद्य बदलणं हा खरा उपाय.

कोमल_रिषभ
ट्रम्पेट वाजवणाऱ्याला ओठांनीही सूर हलवता येतो. कीबोर्डवाल्याने ओठांनी काय करायचं?

खाडीपल्याड
अपडेट. काका आधी म्हणाले मशीनने काय मोजतोस, कानाने ऐक. मग चहा मीच आणला, मग वाजवून दिलं. रास्तमध्ये ई −३४ आला, दोनदा मोजला, दुसऱ्यांदा −३१. बयातीत −५७. चकित झालो, कारण मी समोर बसलो होतो आणि कानाला फरक कळला नव्हता, आकडा बघितल्यावर परत ऐकलं तेव्हा कळला. व्हायोलिनवाला रास्तमध्ये साधारण −४५ वर वाजवत होता, काकांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने खांदे उडवले, मी मधे पडलो नाही. दोन मेमरी केल्या, −३३ आणि −५७. पॅडमधला ई काढला. गायिका सी वरूनच गाते, ती काळजी नाही. कालच्या पूर्ण रिहर्सलमध्ये "आली" एकदाही नाही. "वाती" एकदा, तेही मेमरी बदलायची विसरलो तेव्हा.

बोस्फोरसकर
वा! पार्टी कुठे?

तारवाला
आणि बी किती लावलास रास्तमध्ये?

खाडीपल्याड
बी चं कोणी काही बोललं नाही म्हणून −५० च आहे.

तारवाला
गुरुवारी बोलतील.

सहज_आले
औदचं कोणी सांगितलंच नाही.

जुना_भाता
औद माहीत नाही, माझ्याकडे तीन सप्तकी पेटी आहे, भाता नवा घातलाय, विचार करा.