हवामान निधी : कर्जालाही मदत म्हणायचं का?

मोजपट्टी : हवामान करारांतल्या न्यायाची चर्चा कायम रकमेवर अडते. मला मोजणी जास्त खटकते. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना शब्द दिला, २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. ओईसीडीच्या (मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या) हिशेबाने तो २०२२ साली पाळला गेला, ११५.९ अब्ज. पण त्यातल्या सरकारी आणि विकास बँकांच्या पैशात सुमारे ७० टक्के कर्ज आहे, आणि तेही दर्शनी रकमेनेच, म्हणजे परतफेड वजा न करता पूर्ण धरलंय. समजा समुद्राला बंधारा घालायला १० कोटी डॉलर घेतले, ३ टक्के व्याजाने, मुद्दलाचे २० समान वार्षिक हप्ते. नुसतं व्याज ३ कोटी १५ लाख होतं. बंधारा कमावत काहीच नाही. देणाऱ्याच्या नावावर मात्र १० कोटींची मदत!

क्षितिज७ : बंधाऱ्याचं पटलं, पण कर्जाला सरसकट नावं ठेवू नका. सौर प्रकल्पाचा बहुतेक खर्च सुरुवातीलाच होतो, इंधनाला पैसे पडत नाहीत. त्यामुळे विजेचा दर बराचसा व्याजदरावर ठरतो आणि परतफेड वीजविक्रीतून होते. तिथे अनुदान ओतलं तर बंधाऱ्यांना उरणार काय? शिवाय देणाऱ्यांची यादी अजून संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामान करारातलीच आहे. त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात कतार नाही, सिंगापूर नाही, दक्षिण कोरियाही नाही. हा कुठला न्याय?

नीरक्षीर : यादी वाढवा, जरूर वाढवा. पण जुन्यांची जबाबदारी त्याने पातळ होता कामा नये. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं हवेत राहतो, म्हणून साचलेलं उत्सर्जन मोजायचं. जीवाश्म इंधनांच्या आजवरच्या उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे चौथा हिस्सा आहे. पॅरिस कराराचं ९ वं कलम विकसित देशांना बांधतं, इतरांनी स्वेच्छेने द्यावं म्हणतं. २०२३ मध्ये दुबईत हानी-नुकसान निधीला (हवामान बदलाने झालेल्या नुकसानीसाठीच्या) संयुक्त अरब अमिरातीने १० कोटी डॉलर जाहीर केले, ते यादीत नसताना. म्हणजे वाट बंद नाही.

क्षितिज७ : स्वेच्छेवर न्याय उभा राहत नाही, हे तुम्हीच एरवी सांगता. पॅरिस कराराच्या हानी-नुकसानीवरच्या कलम ८ मुळे भरपाईचा दावा करता येणार नाही, असं तो करार स्वीकारणाऱ्या निर्णयाच्या ५१ व्या परिच्छेदात लिहून घेतलं, तेव्हा तुम्हा दोघांचीच तक्रार होती ना?

मोजपट्टी : होती, आजही आहे. सौर प्रकल्पाबद्दल तुमचं मान्य. पण मग कर्ज 'कर्ज' म्हणूनच दाखवा. पॅरिसच्या पारदर्शकता अहवालात अनुदान-समतुल्य रक्कम (कर्जातला प्रत्यक्ष मदतीचा भाग) देता येते, पण ती ऐच्छिक! बाकूच्या परिषदेत २०२४ मध्ये ठरलेल्या, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरच्या नव्या लक्ष्यासाठी तरी ती सक्तीची हवी होती. तोवर हाच घोळ चालू राहील.

क्षितिज७ : सक्तीला माझी हरकत नाही. पण कतारलाही तोच रकाना भरायला लावा.