मदत हवी आहे: सरकारी वकिलीनंतर जिल्हा न्यायाधीश परीक्षा, दिवाणीची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी नऊ वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता होते, सगळी नोकरी जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टांत. त्याआधी तीन वर्षं एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनियर. मागच्या वर्षी राजीनामा दिला, सनद (वकिलीचा परवाना) पुन्हा चालू करून घेतली आणि आता दिवाणी कामं घेते आहे. वय ३८. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेची वयोमर्यादा केव्हाच ओलांडली, त्यामुळे जिल्हा न्यायाधीशाची थेट भरती हाच रस्ता उरतो.

न्यायाधीश व्हायचं मनात आलं ते एका मॅजिस्ट्रेट साहेबांमुळे. रिमांडला (कोठडीच्या आदेशासाठी) आणलेल्या प्रत्येक आरोपीला ते स्वतः विचारत, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" प्रश्न सगळेच विचारतात. हे साहेब मात्र उत्तराची वाट बघत. त्या दिवसाच्या बोर्डावर ऐंशी प्रकरणं असली तरी पेन खाली ठेवून आरोपीच्या तोंडाकडे बघत. एकदा एक मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने शर्ट वर केला. रिमांड मागायला मीच उभी होते. कागद मीही वाचले होते, पण त्या मुलाकडे मी पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून मला त्या खुर्चीवर बसायचं आहे.

आता अडचणी. पहिली पात्रतेची. घटनेच्या कलम २३३(२) प्रमाणे किमान सात वर्षं वकिली हवी. नोकरीत रुजू होताना मी सनद स्थगित केली होती. मग ती नऊ वर्षं धरली जातील का? राजीनामा मंजूर होणं आणि सनद चालू होणं यात चार महिने गेले, त्याचं काय?

दुसरी मला जास्त छळते. सरतपासणी (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारणं), फितूर साक्षीदार, जामिनाला विरोध, हे झोपेतही जमेल. दिवाणीत मात्र हात कापतो. परवा सरावासाठी वाटपाच्या दाव्याचं निकालपत्र लिहिलं आणि शेवटी प्रतिवादीला चक्क फौजदारीतला "शंकेचा फायदा" देऊन बसले! दिवाणीत पारडं कुठे झुकतं एवढंच बघायचं असतं हे पाठ आहे, पण हाताला नऊ वर्षांची सवय आहे. या वाटेने गेलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, पात्रतेची काळजी थोडी कमी करा. दीपक अग्रवाल विरुद्ध केशव कौशिक हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल मुळातून वाचा. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पगारी नोकरदाराला वकिली करता येत नाही. पण ज्याचं मुख्य कामच कोर्टात उभं राहून बाजू मांडणं आहे, तो सरकारी पगारावर असला तरी वकीलच राहतो, असं तिथे म्हटलंय. वाद सरकारी अभियोक्त्यांचाच होता. त्याच निकालात २३३(२) मधल्या शब्दरचनेवरून असंही सांगितलंय की अर्जाच्या तारखेला उमेदवार वकील असायला हवा. तुम्ही आहात.

चार महिन्यांबद्दल तोंडी कुणाचं ऐकू नका. सनद कधी स्थगित झाली, कधी चालू झाली, याचं बार कौन्सिलकडून लेखी पत्र घ्या. अभियोग संचालनालयाकडून अनुभवाचा दाखला घ्या आणि त्यात कोणत्या कोर्टात कधी ते लिहून मागा. तुमची हजेरी दिसणाऱ्या रोजनाम्यांच्या (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदींच्या) काही नकला आत्ताच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर धावपळ होते. त्या चार महिन्यांचा उल्लेख अर्जात तुम्हीच करा, लपवू नका.

प्रतिसाद २

मीही फौजदारीतूनच थेट भरतीत आलो. तयारीत एक चूक सगळे करतात: मूळ दाव्यांचाच सराव. जिल्हा न्यायाधीशाच्या दिवाणी कामात मोठा वाटा अपिलांचा असतो. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ४१ नियम ३१ धरून लिहायला शिका: निर्णयासाठीचे मुद्दे, त्यावरचा निर्णय, कारणं, आणि खालचा हुकूम फिरवत असाल तर अपीलकर्त्याला नेमकी कोणती दाद. खालच्या कोर्टाशी सहमत असलात तरी पुरावा तुम्ही स्वतः तपासलाय हे निकालपत्रात दिसलं पाहिजे.

'शंकेचा फायदा' जाईल, वेळ लागेल. मी असं करायचो: कुठल्याही निकाली दाव्यातलं वादपत्र आणि कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) एवढंच वाचायचं, बाकी बंद. मुद्दे स्वतः काढायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं की सिद्ध करण्याचा भार कुणावर. मगच न्यायाधीशांनी काढलेले मुद्दे बघायचे. भार नीट लिहिला की शंका कुणाच्या पदरात टाकायची हा प्रश्नच उरत नाही. पन्नासेक दावे असे करा. मुदतीचा कायदा आणि दरखास्तीही (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) सोडू नका.

आणि सत्र खटल्यांत गाफील राहू नका. तुमचा अनुभव मॅजिस्ट्रेट कोर्टाचा आहे, खुनाचा खटला तुम्ही चालवलेला नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बार कौन्सिलला आजच अर्ज लिहिते. प्रतिसाद २ वाले दादा, एकच विचारते: सुरुवातीला सरकारी वकील उभे राहिले की मन आपोआप त्यांच्या बाजूला झुकायचं का?

प्रतिसाद २

झुकायचं. म्हणून पहिलं वर्षभर मी बचावाचा युक्तिवाद ऐकताना स्वतःच्या हाताने टिपणं काढायचो, एकही मुद्दा न गाळता. अजूनही काढतो.