आधी रोलर बंद करा
ताई, चुकीची सलाईन लागल्याचं दिसताच इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, काढून टाकावं, असं तुम्ही लिहिलंय. ते नको. सलाईनच्या नळीवरची चकती, म्हणजे रोलर, बंद करा, इंट्राकॅथ राहू द्या. पुढची औषधं त्याच शिरेतून जाणार असतात.

मे महिन्यात धुळ्याला उन्हाचे पेशंट वाढले होते. नाईटला मी एका मधुमेही बाबांना एनएस, म्हणजे नुसत्या मिठाच्या सलाईनऐवजी डीएनएस, म्हणजे मीठ-साखरेची सलाईन लावली. बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या, पण 500 मिलीत 25 ग्रॅम साखर! दीडशे मिली गेल्यावर लेबल दिसलं. सेटसकट, म्हणजे नळीसकट, बाटली बदलली, शुगर पाहिली, डॉक्टरांना उठवलं. किती मिली, किती वाजता, सगळं नोट्समध्ये लिहिलं. बाटली जपून ठेवली. ‘काय व्हयनं सिस्टर?’ विचारणाऱ्या लेकालाही खरं तेच सांगितलं. तेव्हा मात्र पाय लटपटत होते.