हिरडी सरकली आणि तिथेच खाच: आधी फिलिंग की आधी ग्राफ्ट?

प्रश्न
वरचा डावा सुळा आणि त्यामागची उपदाढ. हिरडी ३ मिमी वर सरकलीय, तिथेच नख अडकेल अशी आडवी खाच. कीड नाही, पण गार पाण्याने कळ येते. एक डेंटिस्ट म्हणतात सिमेंट भरा, दुसरे म्हणतात ग्राफ्ट करा (टाळूतली पट्टी लावून हिरडीने मूळ झाकणं). आधी काय करावं?

उत्तर १
हिरडी किती खाली आणता येईल, ते आधी ठरतं. दोन दातांमधली हिरडीची टोकं आणि तिथलं हाड शाबूत असेल तर मूळ बहुधा पूर्ण झाकलं जातं. टोकंच बसली असतील तर नाही. खाचेत मूळ आणि इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) यांच्यामधली रेघ झिजून जाते, म्हणून ती शेजारच्या दातांवरून आखतात. रेघेखालची खाच कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगने) भरायची, वरचा मुळाकडचा भाग हिरडीने झाकायचा. अशा खाचेत फिलिंग आधी: जागा उघडी असते, कोरडी ठेवता येते आणि ग्राफ्टवर ओढलेल्या हिरडीला गुळगुळीत आधार मिळतो. सगळी खाच थेट हिरडीपर्यंत भरू नका. हिरडी मुळाला जशी धरते तशी फिलिंगला धरत नाही. खाच फक्त मुळावर आणि अर्ध्या मिमीहून उथळ असेल तर बहुधा नुसता ग्राफ्ट पुरतो.

उत्तर २
अशा जागेचं फिलिंग निघतं ते बहुतेक वेळा तयारी कमी पडल्याने. घासून काचेसारखं झालेलं पिवळं डेंटिन (इनॅमलखालचा थर) बाँडिंग, म्हणजे फिलिंग चिकटवणारा थर, धरत नाही. बरने (ड्रिलच्या टोकाने) हलकं खरवडावं लागतं. इनॅमलच्या कडेला ३७% फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ सेकंद, ओल अडवायला हिरडीच्या फटीत दोरा. तरी ओल आवरत नसेल तर रेझिन मिसळलेलं ग्लास आयोनोमर (दाताला चिकटणारं सिमेंट) बरं.

उत्तर ३
ग्राफ्टसाठी टाळूतून १ ते १.५ मिमी जाडीची पट्टी घेतात. टाके साधारण १०-१४ दिवस. तोवर तिथे ब्रश नाही, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या (दातांवर तपकिरी डाग पडतात, ते पॉलिशने जातात). ओठ उचलून आरशात बघायचा मोह मात्र टाळा, टाके ओढले जातात. मिश्री-तंबाखू चालू असेल तर ग्राफ्टचा भरवसा नाही.

उत्तर ४
उजव्या हाताने घासणारे का? डावा सुळा-उपदाढ झिजणं मग नेहमीचंच. ब्रश मऊ, पेनासारखा धरलेला, हिरडीकडे ४५ अंशांत, आडवं रगडणं बंद. कोळशाची पावडरही नको. लिंबूपाण्यानंतर अर्धा तास ब्रश नको. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कव्हर). कळ येते तिथे ५% पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट. फरक पडायला दोन-चार आठवडे लागतात. घासण्याची पद्धत तीच राहिली तर फिलिंगच्या काठाला नवी खाच पडते.