मदत हवी आहे: आईला अल्झायमर, मुंबई विमानतळावर सिक्युरिटीच्या वेळी जवळ थांबता येतं का?

आई ७६ वर्षांची, अल्झायमर मधल्या टप्प्यात. पुढच्या महिन्यात मुंबईहून थेट विमानाने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर न्यायचंय, सोबत मी एकटाच. चालते नीट, पण मी नजरेआड झालो की घाबरते. अनोळखी बाईने अंगाला हात लावला तर झटकते, आणि बांगड्या काढणं हा तर वेगळाच सोहळा!

व्हीलचेअर नोंदवली आहे, डॉक्टरांचं पत्र तयार आहे. झोपेची गोळी कृपया सुचवू नका, डॉक्टर नको म्हणालेत. वरवर न दिसणारा आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना मदत लागू शकते हे कर्मचाऱ्यांना कळावं म्हणून गळ्यात घालायचा, लंडनच्याच गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सुरू झालेला तो सूर्यफुलांचा हिरवा पट्टा हीथ्रोवरही चालतो. तो बहीण पाठवतेय, त्यामुळे उतरल्यानंतरची काळजी कमी. एअरलाइनला फोन केला की बोलणं फिरून व्हीलचेअरवरच येतं.

अडतंय ते इथल्या सिक्युरिटीला. बायकांची तपासणी पडद्याआड, महिला जवानांकडून. तिथे मुलाला प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे. पण तिला माझा आवाज येईल इतपत जवळ, पडद्याबाहेर उभं राहू देतात का? अशा माणसाला घेऊन कोणी गेलंय का? आणि ही विनंती आधी कोणाकडे करायची: एअरलाइन, विमानतळाचा मदतकक्ष की थेट सीआयएसएफ (विमानतळावर तपासणी करणारं केंद्रीय सुरक्षा दल)?