सबक्लास केलेल्या विजेटला स्वतःचा सिग्नल द्यावा का?

कडीकोयंडा: क्यूटीत (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) एक विजेट, म्हणजे पडद्यावरचा घटक, सबक्लास करून (मूळ क्लासवरून नवा क्लास काढून) केलंय. आत दोन क्यूडेटएडिट (तारीख भरायचे रकाने), 'पासून' आणि 'पर्यंत'. सहकारी म्हणतो, बाहेरच्यांनी सरळ त्या दोघांच्या डेटचेंज्ड सिग्नलला (तारीख बदलली की सुटणारी सूचना) कनेक्ट करावं. मला हे अजिबात पटत नाही. विजेटने 'कालावधी बदलला' असा स्वतःचा एकच सिग्नल सोडावा. कोडमधून जानेवारीचा मार्च केला की आधी 'पासून' बदलते, 'पर्यंत' मागाहून. मधल्या क्षणी १ मार्च ते ३१ जानेवारी असा उलटा कालावधी बाहेर जातो आणि ऐकणारा त्यावर क्वेरी मारून मोकळा!

उलटतपासणी: साफ असहमत. डेटचेंज्ड सगळ्यांना पाठ आहे. तुमचा सिग्नल शोधायला तुमचा कोड उघडावा लागणार. ऐकणारा एकच असेल तर साधा कॉलबॅक (बदल झाला की बोलवायचं फंक्शन) द्या की. आणि 'हा कालावधी चालेल का?' असं विचारायचं असेल तर क्यूटीचा सिग्नल कुचकामी, तो उत्तर आणत नाही.

कडीकोयंडा: विचारायचंय कुठे? कळवायचंय. आज ऐकणारा एक आहे, उद्या तक्ता आणि आलेख दोघंही येतील.

रिकामाकंस: मी सिग्नलच्या बाजूने, पण बदल कोणी केला हे आधी ठरवा. क्यूलाइनएडिटमध्ये (एका ओळीच्या मजकुराचा रकाना) टेक्स्टचेंज्ड कोडने मजकूर बदलला तरी सुटतो, टेक्स्टएडिटेड मात्र वापरणाऱ्याने बदलला तरच. सेव्ह केलेल्या सेटिंगमधून तारखा भरताना तुमचा सिग्नल सुटणार का? माझ्या मते सुटावा, पण तारीख खरंच बदलली असेल तरच. नाहीतर एकमेकांना जोडलेली दोन विजेटं गोल गोल फिरत बसतील. सेटरमध्ये (तारखा भरणाऱ्या फंक्शनमध्ये) दोन्ही डेटएडिटवर क्यूसिग्नलब्लॉकर (सिग्नल तात्पुरते अडवणारा) लावा, तारखा टाका, मग एकदाच एमिट, म्हणजे सिग्नल सोडा.

उलटतपासणी: ब्लॉकर लावा, तुलना करा, मग एमिट... एवढा खटाटोप एका कनेक्टसाठी?

रिकामाकंस: तो आत एकदाच करायचा. तुमच्या पद्धतीत प्रत्येक ऐकणाऱ्याने करायचा.

टॅबकीस्पेस: पायक्यूटीवाल्यांसाठी (पायथनमधून क्यूटी वापरणाऱ्यांसाठी): पायक्यूटीसिग्नल क्लासच्या पातळीवर लिहा. इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारं फंक्शन) सेल्फला, म्हणजे त्या ऑब्जेक्टला, चिकटवलात तर त्याला कनेक्टच नसतं. आणि क्यूपुशबटणच्या सबक्लासमध्ये नव्या सिग्नलचं नाव क्लिक्ड ठेवू नका. बटण दाबल्यावर मूळचाच सुटतो, तुमचा गप्प. एरर नाही, काही नाही, शोधत बसा.

उलटतपासणी: बरं, पण आतले डेटएडिट बाहेरून दिसणार असतील तर लोक त्यांनाच कनेक्ट करणार, मग सिग्नल असो वा नसो.

कडीकोयंडा: ते खासगी केलेत. सहकाऱ्याचा खरा राग त्यावरच आहे.